कणसाचा सीन पिक्चरमध्ये नव्हताच

या महिन्यात पत्रं बरीच आली, पण नारायणगावचं एक पत्र दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून बरीचशी जागा त्यालाच दिलीय. बाकीचे दोन प्रश्न शेवटी घेतलेत. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न : ताई नमस्कार, मी नारायणगावची, घरी शिवणक्लास चालवते आणि ब्लाऊज, शाळेचे युनिफॉर्म असं शिवून देते. आमचे हे टोमॅटो मार्केटला एका आडतीवर हिशोबाला आहेत. मे महिन्यात आमच्या लग्नाला दहा वर्षं झाली. दहा वर्षांत आम्ही दोघंच असे थिएटरात फक्त दोनदा गेलोय, त्यातही शेवटचं जाऊन चार वर्षं झाली होती, म्हणून मी ठरवलं की यंदा साडी नको काही नको, पुण्याला जाऊन छान हसायला लावणारा प्रेमाचा पिक्चर बघायचा.

एका नवीन हिंदी पिक्चरचा ट्रेलर मी फोनवर किती वेळा बघितला असेल सांगता येत नाही. त्यात एक सीन होता, पाऊस पडतोय, दोघं रस्त्याकडेच्या कणीसवाल्याच्या ताडपत्रीखाली उभे आहेत, ती भाजलेलं कणीस मधोमध मोडायला जाते पण ते नीट मोडत नाही, एक तुकडा मोठा होतो आणि एक लहान, आणि ती मोठा तुकडा त्याला देते आणि तो गपचूप दोघांचे तुकडे बदलतो. एवढंच. मी ह्यांना दाखवलं तर हे म्हणाले अरे आपण माळशेजला असंच खाल्लेलं की. ह्यांना कधी असं काही आठवत नाही ताई, त्यामुळे मला इतकं बरं वाटलं की मी तिथल्या तिथे तिकिटं काढली.

सीझन चालू होता, हे पहाटे चारला उठून मार्केटला गेले, साडेदहाला घरी आले, आंघोळ केली आणि दिराची गाडी घेऊन आम्ही निघालो. मुलगा सासूबाईंकडे ठेवला. चाकणला पाऊण तास अडकलो. भोसरीच्या सिग्नलला ह्यांनी स्वतःहून गजरा घेतला, मी डोक्यात नाही माळला कारण एसीत सुकेल म्हणून, पिशवीत ठेवला. दोन तिकिटांचे आणि वरच्या चार्जेसचे मिळून साडेआठशेच्या वर, पॉपकॉर्न आणि दोन कोल्ड्रिंक जवळपास सातशे, पाण्याची बाटली वेगळी, पेट्रोल, पार्किंग. सगळे मिळून सव्वीसशे रुपये गेले. माझी तेरा साध्या ब्लाऊजची शिलाई होते ती.

आणि पिक्चर काहीच नव्हता ताई. म्हणजे दिसायला सगळं छान, महालासारखं हॉटेल, तलाव, कपडे तर इतके सुंदर की मी शिवणारी बाई असून मला कट कळत नव्हते. पण हसू येईना आणि रडूही येईना. इंटरव्हलला ह्यांनी मला विचारलं कणसाचं कधी येतंय? मी म्हटलं येईल आता. सेकंड हाफला हे झोपले. मी मात्र शेवटपर्यंत वाट बघितली, नावं वर जायला लागली तरी बसून राहिले, झाडूवाला पोरगा आत आला तेव्हा उठले. तो सीन पिक्चरमध्ये नव्हताच.

येताना आम्ही बोललोच नाही. राजगुरुनगरच्या पुढे हे म्हणाले, पुढच्या वेळी मोबाईलवरच बघू घरी. रागाने नाही म्हणाले, पण मला ते इतकं लागलं. घरी आल्यावर जाऊबाई म्हणाल्या की या वयात कशाला हवेत असले पिक्चर. गजरा दुसऱ्या दिवशी पिशवीत सापडला, पार काळा पडलेला.

मला तीन गोष्टी विचारायच्यात. ट्रेलरमध्ये दाखवलेला सीन पिक्चरमध्ये नसेल तर तक्रार करता येते का, पैसे परत मिळतात का? माझं निवडण्यात चुकलं का, का मी अपेक्षाच जास्त केली? आणि ह्यांना परत थिएटरला कसं न्यायचं?

उत्तर : अगं, आधी तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते कारण खरा प्रश्न तोच आहे. तुझं काही चुकलं नाही. पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटलं असेल तर तू सव्वीसशे रुपयांचा हिशोब ब्लाऊजमध्ये मांडलास त्याचं. आता तुला बरेच जण सांगतील की पिक्चरमध्ये काय ठेवलंय, खरं प्रेम घरात असतं, नवऱ्याने गजरा घेतला यातच सगळं आलं. मी तसं सांगणार नाही. गजरा घेतला हे छानच, पण तू गजऱ्यासाठी पंचाहत्तर किलोमीटर गेली नव्हतीस. तू पिक्चर बघायला गेली होतीस आणि तुला चांगला पिक्चर मिळायला हवा होता. करमणूक ही हलकी गोष्ट नाही, आणि हे नारायणगावच्या बाईला मी काय सांगू, तुमचं गाव तमाशाची पंढरी, तमाशा गाजवणाऱ्या विठाबाई नारायणगावकरांचं गाव. पाडव्याच्या आसपास तुमच्याकडे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक जत्रेसाठी सुपारी द्यायला, म्हणजे तमाशा ठरवायला येतात, ते काय उगाच येतात का? वग रंगला नाही तर समोर बसलेला माणूस तिथल्या तिथे सांगतो. तुला मात्र अंधारात गप्प बसून यावं लागलं, आणि मनातलं सांगायला घरी जाऊबाई भेटल्या.

तू सांगतेस तो पिक्चर मी बघितलाय. ठाण्यात, बुधवारच्या दुपारच्या शोला. नाव इथे घेत नाही, तू पण घेतलं नाहीस. पण तुला जे जाणवलं आणि शब्दात सापडलं नाही ते मी सांगायचा प्रयत्न करते, कारण घरी येऊन मी पण बराच वेळ विचार करत बसले होते की दिसायला एवढा चांगला पिक्चर असा कोरडा का गेला.

आठवून बघ, त्या दोघांनी अख्ख्या पिक्चरमध्ये एकत्र काय केलं? पहिल्या पंधरा मिनिटात भांडले. मग गाणं झालं आणि गाण्यातच प्रेमात पडले, म्हणजे गाणं सुरू होताना ओळख नाही आणि संपताना प्रेम, मधलं सगळं आपल्याला बघायला मिळालंच नाही. मग फोनवर एक मेसेज चुकून दिसतो आणि गैरसमज, तो गैरसमज एका वाक्यात मिटला असता पण ते वाक्य कुणी बोलत नाही कारण पिक्चर अजून पाऊण तास चालायचाय. मग एअरपोर्ट. ती काय काम करते हे एकदा तोंडी सांगितलं, कामावर जाताना मात्र एकदाही दाखवलं नाही. त्याचं तर तेही नाही. आणि हसवायचं सगळं काम हिरोच्या मित्राकडे दिलेलं, त्यामुळे ती दोघं एकमेकांशी बोलून कधी हसलीच नाहीत. माझ्या मते सगळं फसलं ते इथेच. प्रेमाच्या हसऱ्या पिक्चरमध्ये हसू त्या दोघांच्या मध्ये असायला पाहिजे. मित्र, मामा, शेजारी यांनी कितीही धमाल केली तरी आपण त्यांच्या प्रेमात पडायला आलेलो नसतो.

आणि म्हणूनच तुला कणसाचा सीन आवडला. अर्ध्या मिनिटाच्या त्या तुकड्यात दोन माणसं मिळून काहीतरी करत होती. कणीस वाकडं मोडतं, मोठा तुकडा कुणाला, तो गपचूप बदलतो, यात एकही डायलॉग नाही पण दोघांचा स्वभाव कळला. तुझी नजर चांगली आहे गं, ट्रेलरमधला एकमेव खरा सीन तू बरोबर उचललास. कापायला नको होता तो त्यांनी.

आता पहिला प्रश्न, तक्रारीचा. ट्रेलर बनतो तेव्हा बऱ्याचदा पिक्चरचं एडिटिंग चालूच असतं, ट्रेलर कापणारे पण बऱ्याचदा वेगळे लोक असतात, त्यांच्याकडे जे शूटिंग आलंय त्यातले उठून दिसणारे तुकडे ते घेतात, आणि मग पिक्चर लांबतोय म्हणून त्यातलंच काहीतरी बाहेर जातं. याच्यावर आपल्या महाराष्ट्रातून एक केस थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेली आहे. 2016 साली 'फॅन' नावाचा हिंदी पिक्चर आला होता, त्याचं एक गाणं टीव्हीवर सारखं लागायचं आणि ते गाणं पिक्चरमध्ये नव्हतंच. तेव्हाच्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या एक शिक्षिका घरच्यांना घेऊन तो बघायला गेल्या होत्या. मुलं इतकी नाराज झाली की रात्री जेवली नाहीत आणि त्यांची तब्येत बिघडली असं त्यांनी तक्रारीत लिहिलं होतं. जिल्हा ग्राहक मंचाने तक्रार फेटाळली तरी त्या थांबल्या नाहीत, राज्य आयोगात गेल्या आणि तिथे जिंकल्या, दहा हजार भरपाई आणि पाच हजार खर्च द्या असा आदेश झाला, राष्ट्रीय आयोगाने पण तो कायम ठेवला. पण एप्रिल 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की ट्रेलर हा काही करार नाही किंवा तसा प्रस्तावही नाही, तो लोकांनी पिक्चरला यावं म्हणून केलेली जाहिरात आहे, त्यात दिसलेली गोष्ट पिक्चरमध्ये असेलच असं वचन त्यातून निघत नाही.

म्हणजे तुझ्या कणसासाठी पैसे परत मिळणार नाहीत. वाईट वाटतं सांगायला, पण खोटी आशा दाखवत नाही. मला मात्र त्या बाईंचं फार कौतुक वाटतं. एका गाण्यासाठी आठ वर्षं. लोकांनी त्यांना पण म्हटलंच असेल की एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला. पण घरच्यांना घेऊन गेलेली बाई जेव्हा मुलांचे उतरलेले चेहरे घेऊन परत येते तेव्हा ती एवढीशी गोष्ट नसते, तुला हे मी समजावून सांगायला नको.

तिसरा प्रश्न, ह्यांना परत कसं न्यायचं. तुझ्या पत्रातली एक ओळ मी परत परत वाचली. इंटरव्हलला ते विचारतात, कणसाचं कधी येतंय. पहाटे चारपासून उठलेला माणूस, सकाळभर क्रेट आणि पट्ट्यांचे हिशोब करून आलेला, पाऊण तास चाकणच्या ट्रॅफिकमध्ये गाडी चालवलेला, तो पण त्याच सीनची वाट बघत होता! म्हणजे त्या दिवशी तू एकटीच नाराज झाली नाहीस, दोघंही झालात, फक्त त्यांनी ते झोपून काढलं आणि तू जागी राहून काढलंस. मोबाईलवर बघू असं ते म्हणाले यात तुझ्याबरोबर यायचं नाही असं मला तरी ऐकू आलं नाही. सव्वीसशे रुपये आणि अख्खा दिवस घालून असा पिक्चर बघायचा नाही, एवढंच ऐकू आलं. आणि त्यात त्यांचं चूक पण नाही. पण हे तू त्यांना विचार, माझ्यावर जाऊ नको. सरळ विचार की तुम्ही पण कणसाची वाट बघत होतात ना? तिथून बोलणं सुरू होईल.

मोबाईलवर बघायचं म्हणशील तर हिंदी पिक्चर थिएटरात लागल्यापासून साधारण आठ आठवड्यांनी ओटीटीवर येतात, मोठ्या मल्टिप्लेक्सवाल्यांनी तो नियमच धरून ठेवलाय, त्यामुळे थांबणाऱ्याला घरबसल्या बघायला मिळतं हे खरं. पण घरी तुझं काय होणार ते मला दिसतंय. पिक्चर लावला की दारात ब्लाऊजवाली येणार, मुलगा पाणी मागणार, ह्यांना आडतीवरून फोन येणार. थिएटरात अडीच तास तुम्हाला कुणी हाक मारत नाही, आणि दहा वर्षांत दोनदाच मिळालेली ही गोष्ट तू सोडू नकोस असं मला मनापासून वाटतं.

फक्त पुढच्या वेळी दोन चार गोष्टी वेगळ्या कर. सीझनमध्ये जाऊ नका. तारीख वाढदिवसाची का लग्नाची ते सोडून दे, मार्केटला सुट्टी असेल किंवा माल कमी असेल तो दिवस धर आणि ह्यांना आदल्या रात्री नीट झोपू दे. पिक्चर लागला की पहिल्या तीन दिवसात तिकीट काढू नको, सोमवार उजाडू दे, तोवर खरं काय ते बाहेर येतं. बऱ्याच ठिकाणी मंगळवारी किंवा मधल्या वारी तिकीट स्वस्त असतं ते पण बघ. शनिवार-रविवारचं तिकीट आणि मंगळवारचं तिकीट यात कधी कधी निम्म्याचा फरक पडतो. फोनवर काढण्याऐवजी खिडकीवर काढलंस तर वरचे चार्जेस वाचतात, मधल्या वारी गर्दी नसते त्यामुळे जागा मिळते. आणि ज्यांनी बघितलाय अशा कुणाला तरी विचारताना कसा आहे असं विचारू नको, कारण त्याचं उत्तर नेहमी ठीक आहे असंच येतं. असं विचार की ती दोघं पिक्चरमध्ये एकत्र काय करतात? समोरच्याला दोन गोष्टी पटकन सांगता आल्या तर जा. हिरो भारी दिसतो, गाणी छान आहेत एवढंच आलं तर थांब. मी स्वतः गेली कित्येक वर्षं हेच विचारते.

आणि एक कर, घरीच कर. एखाद्या रात्री मुलगा झोपला की दोघं मिळून 'छोटी सी बात' बघा. 1976 चा आहे, बासू चटर्जींचा, अमोल पालेकर आणि विद्या सिन्हा. जुना आहे म्हणून नाही सांगत. त्यात बघ, बसस्टॉप आहे, ऑफिस आहे, मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार हॉटेल आहे जे 2015 ला बंद झालं, असरानी स्कूटर घेऊन येतो आणि आपला हा बिचारा बसची वाट बघत राहतो. त्याला बोलताच येत नाही, ही एवढीच अडचण, आणि ती अडचण इतकी खरी की तो शिकायला खंडाळ्याला अशोक कुमारकडे जातो तेव्हा आपल्याला वाटतं जा बाबा, शीक लवकर. त्याने तिच्या मागे मागे फिरणं आजच्या मुलींना खटकेल, मला पण आता थोडं खटकतं. पण ती दोघं रोज काय करतात, कुठे जेवतात, कुठल्या रांगेत उभी राहतात हे सगळं आपल्याला माहीत असतं, म्हणून त्यातलं साधं बघणं सुद्धा पोटात गोड लागतं. ह्यांना दाखव, म्हणजे त्यांना कळेल की तू कशासाठी पुण्याला गेली होतीस.

जाऊबाईंना काही उत्तर देऊ नको. वयाचं म्हणशील तर माझ्या पत्रांच्या गठ्ठ्यात प्रेमाच्या पिक्चरबद्दल सगळ्यात जास्त पत्रं पन्नाशीच्या पुढच्यांची असतात.

प्रश्न : मी डोंबिवलीचा, रेल्वेतून रिटायर झालोय. मी, माझी पत्नी आणि आमचे दोन मित्र जोडप्याने एक हिंदी विनोदी प्रेमपट बघायला गेलो. पिक्चर सुमार होता ते जाऊ द्या, पण तिकिटावर चारची वेळ आणि पिक्चर सुरू झाला चार पंचवीसला, तोपर्यंत नुसत्या जाहिराती. आम्ही पण आयुष्यभर टाइमटेबल सांभाळलं, आम्हाला हे पटत नाही. वर पाण्याची घरून आणलेली बाटली गेटवर काढून घेतली आणि आत विकतची घ्यायला लावली. हे चालतं का?

उत्तर : काका, पाण्याचं आधी सांगते कारण तिथे तुमची बाजू भक्कम आहे. जानेवारी 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की बाहेरचे खाण्यापिण्याचे पदार्थ आत आणू द्यायचे का नाही हे थिएटरवाले ठरवू शकतात, पण पिण्याचं स्वच्छ पाणी त्यांनी फुकट द्यायलाच हवं, आणि लहान बाळाचं खाणं आईवडिलांना आत नेता आलं पाहिजे. म्हणजे बाटली काढून घेतली हे एक वेळ समजू शकते पण विकतचंच घ्या हे नाही चालत. पुढच्या वेळी तिथल्या माणसाला शांतपणे विचारा की फुकट पाणी कुठे आहे. बऱ्याच ठिकाणी कुठेतरी कोपऱ्यात कूलर असतो, फक्त पाटी नसते. नसेलच तर मॅनेजरला बोलवा, आणि तरी नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर आहे तिथे तक्रार नोंदवा.

जाहिरातींबद्दल तुमच्यासारखाच वैतागलेला बंगळुरूचा एक प्रेक्षक ग्राहक आयोगात गेला होता. त्याचं पण चारच्या सुमाराचं तिकीट होतं आणि पंचवीस मिनिटं अशीच गेली होती. फेब्रुवारी 2025 मध्ये आयोगाने त्याच्या बाजूने निकाल दिला, मनस्तापाचे वीस हजार द्या आणि तिकिटावर पिक्चर खरा कधी सुरू होणार ती वेळ लिहा असं सांगितलं. पण पुढच्याच महिन्यात कर्नाटक हायकोर्टाने त्याला स्थगिती दिली. त्यामुळे त्याच्या जोरावर आज भांडता येणार नाही. मला स्वतःला आयोगाचं म्हणणं शंभर टक्के पटतं. वेळ तिकिटावर छापायची तर खरी छापा ना. गुडघे दुखत असलेला माणूस आधीच अडीच तास बसणार, त्याला आणखी पंचवीस मिनिटं बसवायची म्हणजे थोडी गोष्ट नाही. तोवर इतकंच करा की आत जायची घाई करू नका, बाहेर सोफ्यावर बसा, आणि तिकीट तपासणाऱ्या मुलाला विचारा पिक्चर कितीला लागतो. ती मुलं बरोबर मिनिट सांगतात, त्यांना पाठ असतं.

प्रश्न : मी मडगावची, पुण्यात शिकते. सुट्टीत घरी गेले तेव्हा आईला एक नवीन रॉमकॉम दाखवायला घेऊन गेले आणि दोघींना इतकं अवघडल्यासारखं झालं की इंटरव्हलला निघून आलो. आई म्हणते आता हिंदीत तसले पिक्चर होतच नाहीत. मला तिला खोटं ठरवायचंय. काय दाखवू? आणि अवघडायला होऊ नये म्हणून आधी कसं कळेल?

उत्तर : कळायचं म्हणशील तर सेन्सॉरचं सर्टिफिकेट बघ. आता नुसतं यूए नसतं, त्यात सात प्लस, तेरा प्लस, सोळा प्लस असे भाग पडलेत, ही व्यवस्था 2024 पासून आलीय आणि तिकीट काढतानाच ते लिहिलेलं असतं. सोळा प्लस म्हणजे वाईट असं नाही हं, पण आईबरोबर बघायचंय तर आधी माहीत असलेलं बरं.

आई तसले म्हणते म्हणजे कसले ते मला कळलं. तिला खोटं ठरवायच्या आधी तिच्या वेळचा एक तिच्याबरोबर बघ, 'बातों बातों में', 1979 चा, हा पण बासू चटर्जींचाच. अमोल पालेकर आणि टीना मुनीम, वांद्र्याची ख्रिश्चन घरं, चर्चगेटला जाणारी लोकल. तू मडगावची म्हणून मुद्दाम हा सांगतेय, त्यातली मुलीची आई बघ, पर्ल पदमसींनी केलीय, मुलीला चांगलं स्थळ मिळावं म्हणून तिची जी धडपड चाललेली असते ती बघताना तुम्हा दोघींना ओळखीची कुणीतरी बाई नक्की आठवेल. मग सई परांजप्यांचा 'चश्मे बद्दूर' लाव, 1981 चा. दीप्ती नवल दारोदार जाऊन कपडे धुवायची पावडर विकते, फारूक शेखच्या दारात येते आणि टॉवेल धुवून दाखवते. दोघं अनोळखी, मध्ये एक बादली आणि मळका टॉवेल, आणि बोलणं फक्त पावडरचं चाललंय. वर नारायणगावच्या बाईंना मी जे सांगितलं ना, ती दोघं एकत्र काय करतात, ते इथे बघायला मिळेल.

आणि आई तयार असेल तर एक मराठीतला पण बघा, 'मुंबई-पुणे-मुंबई', 2010 चा, सतीश राजवाडेंचा. तू पुण्यात राहतेस म्हणून तुला जास्त मजा येईल. मुक्ता बर्वे मुंबईहून एका मुलाला भेटायला पुण्यात येते आणि स्वप्नील जोशी तिला भेटतो, एक दिवस, दोन माणसं, बोलणं आणि चालणं, बाकी काही नाही. याचा अर्थ असे पिक्चर जुन्या काळातच व्हायचे असं आईचं म्हणणं पूर्ण खरं नाही. नव्यातला हिंदी एखादा तू शोध आणि मला कळव, शोधताना ट्रेलर बघू नकोस, आधी बघून आलेल्या मैत्रिणीला फोन कर.